वळू, चेअरमन आणि दोन बटणं

आमच्या घराण्यात पगार ही दुसऱ्यांच्या घरी येणारी गोष्ट होती. आमच्याकडं पाहुणे यायचे, तलाठी यायचा, शेजाऱ्याची म्हैस यायची. पगार कधी आला नव्हता. मी घरातला पहिला बी.ए. अर्थशास्त्र घेऊन, सेकंड क्लासात. हे मुद्दाम लिहितो, कारण सेकंड क्लास म्हणजे काय हे आमच्या गावात मला एकट्यालाच कळत होतं, त्यामुळं कौतुकसुद्धा माझं मलाच करावं लागलं.

वडिलांनी त्यांच्या परीनं केलं. बैलगाडीच्या फळीवर रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत 'बी.ए.' लिहून घेतलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं बी.ए. बेलापूरच्या बाजारात गाडी उभी राहिली की लोक फळी वाचायचे, मग बैलांकडं बघायचे आणि यातला शिकलेला डावा का उजवा, असं विचारायचे. वडील रागवत नसत. उजवा, म्हणून सांगत.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या दूध संघात मला प्रचार सहायक म्हणून घेतलं. तीन महिन्यांसाठी. पुढचं पुढं बघू, असं मॅनेजर म्हणाले. घरी मी 'तीन महिने' एवढंच सांगितलं होतं. वडिलांनी गावात सांगताना तेवढंच गाळलं.

काम असं होतं. संघाची एक जुनी गाडी. तिच्यात पडद्याचं कापड, दोन बांबू, प्रोजेक्टर, जनरेटर, दोन कर्णे आणि आवाजाचं मशीन. दिवस मावळला की एखाद्या गावात पडदा बांधायचा आणि विदेशी वळू, संकरित गाई यांच्यावरची फिल्म दाखवायची. फिल्म हिंदीत. बोलणारा गृहस्थ पडद्यावर कधी दिसायचा नाही, पण आवाज असा की कडबा कसा तोडावा हे तो सरहद्दीवरची बातमी दिल्यासारखं सांगायचा. आमच्या लोकांचं हिंदी सिनेमातलं. प्रेम केलेलं कळायचं, सूड घेतलेला कळायचा. 'नस्ल' आणि 'गर्भाधान' कुणाला कळणार? म्हणून वरून मराठी बोलायला बी.ए. पाहिजे होता.

आवाजाच्या मशीनवर दोन गोल बटणं होती. डावं फिल्मचं, उजवं माझ्या माईकचं. आपण बोलताना फिल्म खाली, माईक वर. आपण थांबलो की फिल्म वर, माईक खाली. सांगायला एवढंच. पण फिल्म काही आपल्यासाठी थांबत नाही. ती चाललेली असते, आपलं बोलणं चाललेलं असतं, आणि दोन्ही हातांनी हा व्यवहार तिथल्या तिथं करायचा असतो. माईक जरा जास्त वर गेला की कर्णा शिट्टी मारतो आणि गावातली सगळी कुत्री उठून बसतात. फिल्म जरा जास्त खाली गेली की लोकांना वाटतं जनरेटर बंद पडला, आणि उठून घरी जातात. त्यातून डाव्या बटणाला खोड होती. मध्यावर खरखर. एक तर एकदम गप्प, नाहीतर एकदम बोंब. अंगठ्यानं किंचित दाबून फिरवलं तरच ते माणसासारखं वागायचं.

आमच्या ड्रायव्हरला ही नाजूक कामं मान्य नव्हती. प्रोजेक्टर तोच चालवायचा. चांगला जाडजूड, मिशावाला माणूस, आणि आवाज म्हणजे मोठा आवाज, असं त्याचं साधं मत. दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवून मोकळं व्हावं, लोकांना जे ऐकायचं ते ते ऐकतील, असं तो रोज सांगायचा. "बीए," तो म्हणायचा, "गावात गेल्यावर कर्णा पलीकडच्या गावात ऐकू आला पायजे. न्हाईतर संघाचा काय आब ऱ्हातोय?" मी त्याला फार समजावलं. शेवटी मशीन त्याच्या हाताला लागणार नाही इतकं लांब ठेवायला लागलो.

अडीच महिन्यांत मी त्या कामात असा तयार झालो की स्वतःची स्तुती केल्यावाचून राहवत नाही. तो हिंदी गृहस्थ कुठं श्वास घेतो हे मला पाठ झालं होतं. त्याचा श्वास सुरू झाला की माझं वाक्य सुरू. माझा श्वास सुरू झाला की त्याचं. डावा हात तर माझ्या मनाला विचारायचासुद्धा नाही. मी थांबलो रे थांबलो की बटण वर. बैलांची जोडी पावलाला पाऊल लावून चालावी तसे आम्ही दोघं चालायचो. तो कुठला होता कोण जाणे, पण नात्यातला वाटायला लागला होता.

तिसरा महिना संपत आला तसं मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं की घोडेगावच्या कार्यक्रमाला चेअरमनसाहेब स्वतः येणार आहेत. पोराचं काम डोळ्यांनी बघतो, मग ठेवायचं का घरी पाठवायचं ते तिथंच सांगतो, असं ते म्हणाले होते. घोडेगाव म्हणजे जनावरांचा मोठा बाजार. बाजाराच्या आदल्या दिवशीच व्यापारी, शेतकरी, गाई-बैल सगळे मुक्कामाला आलेले असतात. वळूच्या फिल्मला याहून जाणकार माणसं मिळाली नसती, आणि याहून अवघडसुद्धा.

त्यात दुपारीच आमची फळीवाली गाडी बाजारतळावर येऊन उभी राहिलेली दिसली. बैल बघायला आलोय, म्हणून वडील म्हणाले. बैल घेण्याचं घरात कुणी बोललंही नव्हतं. गावातली तीन-चार माणसं सोबत घेऊन आले होते, पोराची नोकरी दाखवायला. मी त्यांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, की नोकरी अजून कच्ची आहे, आज ठरणार. ते जरा वेळ बैलाच्या वशिंडावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी तर समद्यास्नी पक्की सांगितलीया. आता तू बघ बाबा." एवढं बोलून पुढच्या रांगेत जागा धरायला गेले.

आमच्याकडं उघड्यावरच्या सिनेमाला पुरुष पडद्याच्या पुढं बसायचे आणि बायका पडद्याच्या मागं. कापड पातळ असल्यामुळं मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. उजव्या हातानं धार काढणारा गवळी बायकांना डावखुरा दिसायचा, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसायची. तक्रार असायची ती आवाजाची. म्हणून एक कर्णा पुढं आणि एक मागं, असा आमचा रिवाज होता.

दुसरा रिवाज सरपंचांनी पाळला. पाव्हण्यांसाठी खुर्च्या मांडल्या त्या पडद्यासमोर, लोकांकडं तोंड करून. सभेत खुर्च्या अशाच असतात. पाव्हण्यानं लोकांकडं पाठ करून बसायचं म्हणजे अपमान. मी सांगून बघितलं की इथं पडदा आहे, पाव्हण्यांना तोच दिसणार नाही, आणि उजेड मधूनच जाणार आहे. सरपंच म्हणाले, पाव्हणा काय सिनेमा बघायला येतोय का? पाव्हणा दिसायला येतोय.

अंधार पडला, माणसं जमली, चेअरमनसाहेबांचा पत्ता नाही. लोक मुक्कामाला असले तरी त्यांना जनावरांची वैरण करायची होती. आरडाओरड सुरू झाली तेव्हा मॅनेजरांनी हात वर केला आणि ड्रायव्हरनं फिल्म लावली. आमचं सुरेख चाललं होतं. चारा झाला, गोठा झाला, आणि तो वळू आला. भला मोठा, अंगावर काळे-पांढरे डाग, गळ्यात कातडी पट्टा. पडदाभर तो उभा राहिला आणि जाणकार घोडेगावकर गप्प झाले. नेमक्या त्या वेळेला साहेबांची जीप आली.

साहेब उतरले. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. बाईसाहेबही सोबत होत्या, त्यांचं माहेर तिथून जवळच. त्या पडद्यामागं बायकांत जाऊन बसल्या आणि साहेब पुढच्या खुर्चीत. मी फिल्म थांबवायची खूण ड्रायव्हरला करत होतो, तेवढ्यात साहेबांनीच हात वर करून मला थांबवलं. माझ्या सत्कारापायी लोकांचं ज्ञान का बुडवता, म्हणाले. फिल्म चालू राहू दे, सत्कार बरोबरीनं करा. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "दोन्ही आवाज नीट ऐकू आले पायजेत. तेच तुझं काम हाय ना?"

ते माझंच काम होतं.

सरपंच हार घेऊन पुढं आले. साहेब उभे राहिले, आणि प्रोजेक्टरच्या झोतात बरोबर मधोमध आले. झोत डोळ्यांवर आल्यामुळं त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. हा उजेड खास आपल्यासाठी लावलाय असं वाटून ते ताठ उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर वळूचं तोंड आलं. छातीवर नाकपुड्या, खांद्यांवर कान, आणि टोपीच्या दोन्ही बाजूंनी शिंगं. मी माईक वर केला, फिल्म खाली केली आणि सुरू झालो.

"घोडेगावकरांचं भाग्य थोर, म्हणून आज आपल्यात आलेले आपल्या संघाचे चेअरमनसाहेब," म्हणालो आणि श्वास घेतला. डावा हात आपसूक वर गेला.

"इसे दूर देश से लाया गया है," हिंदी गृहस्थ म्हणाले.

पुढच्या रांगेतून कुणीतरी खोकल्यासारखं केलं. माझ्या अजून लक्षात आलं नव्हतं. साहेबांनी तालुक्यासाठी किती कष्ट घेतले ते मी सांगितलं आणि थांबलो.

"इसे रोज़ दाना और हरा चारा दिया जाता है."

आता लोक हसले. तेव्हा मला कळलं. मी डावं बटण पार खाली नेलं आणि पुढचं वाक्य एकट्याच्या आवाजात म्हटलं. साहेबांनी लगेच बोट वर केलं. फिल्मचा आवाज कुठं गेला? मी बटण परत वर केलं. मग एक युक्ती काढली. श्वासच घ्यायचा नाही. साहेबांचं बालपण, शेती, सहकार, रस्ते, बंधारे, सगळं मी एका दमात म्हणत सुटलो. सरपंच हार धरून थांबलेले, साहेब मान तुकवून थांबलेले. पण दम म्हणजे शेवटी दम. "आणि त्यांचा स्वभाव तर," एवढं म्हणून माझा संपला.

"पास जाते समय सावधान रहें."

सरपंच खरोखरच एक पाऊल मागं सरकले. ते पाहिल्यावर मात्र बाजारतळ फुटला. लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारायला लागले. साहेबांना वाटलं, आपल्यावरचं प्रेम. त्यांनी दोन्ही हात जोडले, हसले, आणि सगळे दात वळूच्या कपाळाखाली चमकले. पुढच्या रांगेत रुमालाखाली बोटं धरून सौदे करणारा एक म्हातारा व्यापारी बसला होता. त्यानं शांतपणे आपलं मत दिलं, "दात पुरं हायती." शेजाऱ्यानं चाल बघायला पाहिजे म्हटलं. तेवढ्यात साहेब नमस्कार करत डावीकडं चार पावलं आणि उजवीकडं चार पावलं चालले. "चालीला बी बरं हाय," म्हातारा म्हणाला, "पर वय सांगनार न्हाईत ही लोकं."

मला हसायची सोय नव्हती. माझी नोकरी त्या दोन बटणांत होती. वडिलांकडं बघितलं तर ते गंभीर. माझ्या पोराचं बोलणं ऐकू द्या, म्हणून शेजाऱ्यांना गप्प करत होते. मी शेवटचं वाक्य कसंबसं काढलं, की साहेबांनी केलेली सेवा पुढच्या पिढ्या विसरणार नाहीत. दुसरीकडं कुठंही थांबलो असतो तरी चाललं असतं, पण वाक्य संपल्यावर माणूस थांबतोच.

"इसकी संतान पूरे इलाक़े में फैल चुकी है."

त्यावर टाळ्या पडल्या त्या बराच वेळ पडत राहिल्या. साहेबांनी हार गळ्यात घेतला. पडद्यावर धार काढायचं भांडं आलं आणि ते खाली बसले.

फिल्म संपल्यावर सरपंचांच्या खळ्यात दूध होतं. साहेब भलतेच खुशीत. मॅनेजरांना म्हणाले, असा सत्कार आजवर झाला नाही. माणसं हसतायत, टाळ्या देतायत, एकजण डुलकी घेत नाही. पोरात काहीतरी आहे. "ठिवा त्याला," असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. वडील कुंपणाशी उभे होते. त्यांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी पटका सारखा केला.

तेवढ्यात पदर तोंडात कोंबलेल्या बाईसाहेब आत आल्या. दोघी बायका त्यांना धरून होत्या. साहेबांनी विचारलं, काय झालं, पोटात दुखतंय का? त्यांनी मान हलवली, बोलायला गेल्या आणि पुन्हा पदर कोंबला. शेवटी धाप टाकत, एकेक शब्द काढत त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या बाजूनं तर निराळंच दिसलं होतं. साहेबांची सावली पडद्यावर पडलेली, त्यामुळं वळूचं डोकं दिसतच नव्हतं. डोक्याच्या जागी टोपी घातलेलं काळं डोकं, आणि पुढं सगळा वळू. "आन् वरनं ते बाबा हिंदीत सांगतंय," बाईसाहेब म्हणाल्या, "का ह्यास्नी हिरवा चारा द्या."

ड्रायव्हर दुधाचा पेला घेऊन गाडीमागं गेला. मॅनेजर आपल्या पायांकडं बघायला लागले. साहेबांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"मुद्दाम केलंस?"

मी बी.ए. होतो, खोटं बोलायची गरज मला वाटली नाही. म्हणालो, "न्हाई साहेब. दोन्ही आवाज ऐकू यावेत म्हणून आपणच सांगितलं. आपलं एक अक्षर बुडालं नाही, वळूचं एक अक्षर बुडालं नाही. काम म्हणून विचाराल तर याहून चांगलं मला येत नाही."

नोकरी गेली, असं मी मनात धरलं. साहेब मॅनेजरांकडं वळले.

"मला दाखवा," म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"समद्या गावानं बघितलं, हिनं बघितलं, एकट्या म्या न्हाई बघितलं. मला दाखवा. मग काय ते ठरवतो."

ड्रायव्हरला गाडीमागून बोलावून आणलं. रीळ उलटं गुंडाळायला लागेल, जनरेटरमध्ये पेट्रोल थोडंच आहे, अशी कुरकुर करत त्यानं अजून बांधलेल्याच पडद्यासमोर प्रोजेक्टर लावला. बातमी बाजारतळावर पोचली आणि जनावरांना वैरण टाकायला गेलेली माणसं अर्धी वैरण हातात घेऊनच परत आली. साहेबांच्या जागी उभं कोण राहणार, हा प्रश्न होता. सरपंच नको नको म्हणत असताना त्यांच्या गळ्यात साहेबांचाच हार घातला आणि त्यांना झोतात उभं केलं. साहेब पडद्यामागं गेले. बायकांनी त्यांना जागा करून दिली आणि ते बाईसाहेबांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.

मी मशीनशी बसलो. पहिल्या वेळेला जे घडलं ते घडून गेलं होतं. आता ते करायचं होतं, आणि करणं अवघड असतं. ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणाला, "बीए, दोन्ही फुल्ल करून टाक." मी त्याला प्रोजेक्टरकडं पाठवलं. वळू आला. सरपंचांच्या अंगावर चढला. मी उजवं वर केलं, डावं अंगठ्यानं दाबून खाली घेतलं आणि घोडेगावकरांच्या भाग्यापासून सुरुवात केली. या खेपेला चुकून काहीच होऊ दिलं नाही. हिंदी गृहस्थ आणि मी असे बोललो की मधे सुई जाणार नाही. दूर देश झाला, हिरवा चारा झाला. 'सावधान रहें' आलं तेव्हा लोकांनी त्या गृहस्थाच्या आधीच म्हटलं. शेवटच्या वाक्याला मी फिल्म हळूहळू वर नेली, खरखर न करता, आणि 'संतान' हा शब्द बाजारतळाच्या पार शेवटच्या बैलापर्यंत पोचवला.

पडद्यामागून आधी बाईसाहेबांचं हसू आलं. साहेबांचं काही येईना. मी फिल्म पार खाली केली आणि कान देऊन बसलो. वडीलही पुढच्या रांगेत उभे राहिले होते.

पडद्याच्या कडेनं साहेब बाहेर आले. तोंड गंभीर. ते सरळ सरपंचांजवळ गेले. सरपंचांना पटका बांधायची सवय, त्यामुळं मागून तो वळू पोळ्याला सजवल्यासारखा दिसला असणार. साहेबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं, खांद्यावर हात ठेवून दाबून बघितलं, आणि पुढच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडं वळले.

"खरं सांगा," म्हणाले, "चांगला कोन दिसला? मी का हे?"

म्हाताऱ्यानं घाई केली नाही. बाजारात त्याचा शब्द मानत. त्यानं सरपंचांकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, तंबाखू गालात सरकवली.

"तुमीच," म्हणाला. "ह्यांच्या खांद्यात काय न्हाई."

साहेबांनी मान डोलावली. इतका वेळ धरून ठेवलेलं हसू मग सुटलं ते पोट धरून, खुर्चीचा आधार घेऊन. डोळे पुसता पुसता मॅनेजरांना म्हणाले, "पोराला पक्कं करा. आन् ह्येला सांगा, ह्यो कार्यक्रम दुसऱ्या कुठल्या चेअरमनवर करायचा न्हाई."

सरपंच हार काढून चालते झाले. पुढं वर्षभर त्यांनी संघाला दूध घातलं नाही.

वडील माझ्याजवळ आले. त्यांनी मशीनवरच्या दोन बटणांकडं बघितलं, उजव्यावर बोट ठेवलं, डाव्यावर ठेवलं. शेवटी विचारलं, "ह्यातलं पगाराचं कुठलं?"

मी म्हणालो, "दोन्ही एकदम फिरवायला लागतात, दादा."

ते 'बरं' म्हणाले आणि बैल सोडायला गेले.